चार मीटरांच्या आतले घराणे

मोटारीचा सांगाडा, पत्रा आणि यंत्रणा मुळापासून नव्याने आखली गेली की तिची नवी पिढी जन्मली असे मानतात, आणि सांगाडा तोच ठेवून दर्शनी भाग, दिवे व आतील सजावट तेवढी बदलली की त्या उपचाराला ‘फेसलिफ्ट’ म्हणतात, हा भेद कारखान्याच्या आत सर्वांना मुखोद्गत असतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर, म्हणजे जाहिरातींत आणि शोरूममध्ये, तो पाळण्याचे बंधन मात्र कोणावरही नसल्यामुळे, जिचे केवळ नाक-डोळे बदलले आहेत ती गाडी ‘सर्वस्वी नवी’ म्हणून विकली जाते, आणि जी खरोखरच सर्वस्वी नवी आहे तिचे नाव जुने ठेवून ग्राहकाला परंपरेचा दिलासा दिला जातो. या गोंधळाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने आलिशान मोटारींच्या वाटेला न जाता थेट ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ या जातीकडे वळावे, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत या एका जातीत जितकी नामांतरे, पुनर्जन्म आणि दत्तकविधाने झाली, तितकी महाराष्ट्रातील राजकीय पक्षांनाही जेमतेमच साधली आहेत.

एसयूव्ही ही संज्ञा मुळात जीपच्या वंशासाठी होती. खाली दोन लांब लोखंडी तुळया आडव्या पट्ट्यांनी जोडून केलेली चौकट, तिच्यावर वेगळी बनवून बोल्टांनी आवळलेली बॉडी, मागच्या किंवा चारही चाकांना मिळणारी ताकद आणि बसणाऱ्याच्या पाठीची कोणतीही पर्वा न करणारे पाटे, ही त्या वंशाची लक्षणे होत. क्रॉसओव्हर हा त्याच वंशाचा शहरात वाढलेला भाऊबंद असून, त्याच्या पोटात तुळयांची चौकट नसते, बॉडी आणि सांगाडा एकाच कवचात गुंफलेले असतात, ताकद बहुधा पुढच्या दोन चाकांनाच मिळते, आणि जीपकडून त्याच्या वाट्याला आलेली वडिलोपार्जित इस्टेट उंच बैठक, रुंद जाळी व चाकांभोवतीची काळ्या प्लॅस्टिकची किनार एवढ्यावरच आटोपते. टोयोटाने १९९४ मध्ये ‘रॅव्ह-फोर’ आणि होंडाने १९९५ मध्ये ‘सीआर-व्ही’ आणून ही जात जगभर रूढ केली. पहिल्या सीआर-व्हीच्या डिकीचा तळ म्हणून बसवलेली फळी बाहेर काढून तिचे पाय उघडले की तिचे सहलीचे टेबल होत असे, यावरून ही गाडी कोणत्या दुर्गम प्रदेशाच्या संशोधनासाठी घडवली होती याची कल्पना यावी. पुढे या दोघींनी, आणि त्यांच्या मागून आलेल्या सर्वांनीच, पिढीगणिक अंग धरले. जी तीनदारी रॅव्ह-फोर आरंभी जेमतेम पावणेचार मीटर लांब होती, तिच्या वंशजा आज साडेचार मीटरांच्या पुढे गेल्या आहेत आणि तरीही त्यांना ‘कॉम्पॅक्ट’ म्हणण्याचा रिवाज काही देशांत चालू आहे.

भारतात या जातीला अंग धरण्याची परवानगी नाही, आणि ही बंदी कोण्या अभियंत्याने नव्हे तर अर्थमंत्र्यांनी घातलेली आहे. २८ फेब्रुवारी २००६ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले आणि लहान मोटार म्हणजे काय हेही सांगून टाकले: लांबी ४,००० मिलिमीटरांपर्यंत, आणि इंजिनाचे आकारमान, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘सीसी’ म्हणतात ते, पेट्रोलसाठी १,२०० व डिझेलसाठी १,५०० पर्यंत. भारत हे लहान मोटारींच्या उत्पादनाचे केंद्र व्हावे हा त्यामागचा हेतू होता आणि सरकारच्या डोळ्यांसमोर मध्यमवर्गीय कुटुंबाची आटोपशीर गाडी होती. परंतु व्याख्येत लांबी आली आणि उंचीचा उल्लेख राहून गेला, ही गोष्ट डिझाइनरांच्या लक्षात येण्यास वेळ लागला नाही, आणि आखूड पण उंच, वामन अवतारात वावरणारी पण चेहऱ्याने त्रिविक्रमाचा आव आणणारी एक नवीच जात उदयास आली. आज कोणत्याही कंपनीचे माहितीपत्रक उघडून लांबीचा रकाना पाहिला तर नेक्सॉन ३,९९५, ब्रेझा ३,९९५, व्हेन्यू ३,९९५ आणि सोनेटही ३,९९५ असे आकडे ओळीने सापडतात. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या चार स्पर्धकांमध्ये इतके एकमत अन्य कोणत्याही बाबतीत आढळत नाही. उरलेले पाच मिलिमीटर बहुधा मोजपट्टी धरणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताला कंप असल्यास असावा म्हणून राखून ठेवले असावेत. जपानमध्येही ‘केई’ वर्गाच्या मोटारींना ३,४०० मिलिमीटर लांबी आणि ६६० सीसी अशी वेस घातलेली आहे आणि तेथील डिझाइनरांनीही त्या वेशीच्या आत उभट खोकी रचून दाखवली आहेत. फरक इतकाच, की जपानी खोके आपण खोके आहोत हे लपवत नाही.

लांबी वाढवता येत नसताना नवी पिढी नवी कशी दिसावी, या प्रश्नाचे सर्वांत अभ्यसनीय उत्तर पुणे जिल्ह्यातील रांजणगावात मिळते. सर्वसाधारण महाराष्ट्रीय कुटुंब नवी गाडी घेतल्यावर ती गणपतीच्या दर्शनाला नेते; टाटांची नेक्सॉन ही अष्टविनायकांतील महागणपतीच्या गावीच जन्माला येत असल्याने तिचा हा प्रवास मुळातच वाचलेला आहे. २०१४ च्या वाहन प्रदर्शनात तिचे संकल्पनारूप मांडले गेले आणि २१ सप्टेंबर २०१७ रोजी ती बाजारात आली, तेव्हा मागे उतरत जाणारे छप्पर आणि खिडक्यांच्या खालून मागच्या दिव्यांपर्यंत गेलेला हस्तिदंती पट्टा ही तिची ओळख होती. तिची त्या वेळची लांबी ३,९९४ मिलिमीटर होती. जानेवारी २०२० मध्ये तिचा चेहरा बदलला आणि लांबी ३,९९३ झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये तो पुन्हा बदलला आणि लांबी ३,९९५ झाली. म्हणजे सहा वर्षांत, दोन मोठ्या सोहळ्यांनंतर आणि वृत्तपत्रांच्या पानपानभर जाहिरातींनंतर, गाडीने प्रथम एक मिलिमीटर त्याग केला आणि मग दोन मिलिमीटर मिळवले. रुंदी या काळात १,८११ वरून १,८०४ वर, म्हणजे सात मिलिमीटरांनी घटली. उंची मात्र १,६०७ वरून १,६२० झाली. मारुतीच्या ब्रेझाने २०२२ मध्ये दुसरी पिढी धारण करताना आपल्या नावातून ‘व्हिटारा’ हे आडनाव गाळले, लांबी-रुंदी जशीच्या तशी ठेवली आणि उंची तेवढी १,६४० वरून १,६८५ वर नेली, जे गिरगावातल्या चाळीत खोलीच्या भिंती हलवता येत नाहीत म्हणून पोटमाळा काढण्यासारखेच झाले.

२०२० च्या नेक्सॉनच्या चेहरेबदलामागे एक कारण होते, आणि ते सहसा सांगितले जात नाही म्हणून येथे नोंदवणे अगत्याचे आहे. पादचाऱ्याला गाडीची धडक बसली तर त्याचे डोके बोनेटवर आपटते, आणि पत्र्याच्या लगेच खाली इंजिनाचे कठीण लोखंड असेल तर पत्रा दबण्यास जागाच उरत नाही; म्हणून पादचारी-सुरक्षेच्या नियमांनुसार पत्रा आणि इंजिन यांच्यात पोकळी ठेवावी लागते आणि बोनेट उचलावे लागते. नेक्सॉनचे पूर्वीचे उतरते नाक त्यामुळे ताठ झाले. माणसाचा जीव वाचावा म्हणून उंचावलेले हे बोनेट शोरूममध्ये मात्र ‘रुबाब’ या सदरात मोडते, आणि रस्त्यावरच्या इतरांना दबकवण्यासाठीच ते उंच केले आहे अशा समजुतीने ग्राहक त्याचे पैसे आनंदाने मोजतो.

नाशिक-चाकण पट्ट्यातील महिंद्रांचा इतिहास याहून अधिक नाट्यमय आहे, कारण तेथे चेहरा बदलण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली. नाशिकला बनणारी जायलो ही ४,५२० मिलिमीटर लांबीची ऐसपैस गाडी होती. २०१२ मध्ये तिचा मागचा अर्ध्या मीटरहून अधिक भाग छाटून ३,९८५ मिलिमीटरांची ‘क्वान्टो’ काढण्यात आली आणि छाटलेल्या जागी स्टेपनी टांगण्यात आली, त्यामुळे पुढून पाहणाऱ्याला ही गाडी अजून बरीच मागे असावी असे वाटे आणि मागून पाहणाऱ्याला ती संपली कधी हे कळत नसे. २०१६ मध्ये तिलाच नवे नाक देऊन ‘नुव्होस्पोर्ट’ असे नाव ठेवण्यात आले, तरी दैव बदलले नाही. त्याच साली बोलेरोची ‘पॉवर प्लस’ आवृत्ती आली, जिच्यात चार मीटरांच्या थोडी बाहेर असलेली बोलेरो आखूड करून आणि दीड लिटरच्या आतले इंजिन बसवून ३,९९५ मिलिमीटरांत कोंबली होती. ग्रामीण महाराष्ट्राने हा बदल पाहिलाच नाही, कारण बोलेरोच्या बाबतीत काही बदलले असेल अशी शंका कोणालाही येत नाही. २०१५ ची टीयूव्ही ३०० ही तर कंपनीच्याच सांगण्यानुसार रणगाड्यावरून प्रेरणा घेऊन आखलेली होती. २०२१ मध्ये तिचा दर्शनी भाग बदलून तिला ‘बोलेरो निओ’ हे नाव देण्यात आले, म्हणजे रणगाडा खपेना तेव्हा तो बोलेरोच्या घराण्यात दत्तक दिला गेला. दत्तकपुत्राची लांबी अर्थातच ३,९९५ मिलिमीटरच राहिली. एक्सयूव्ही ३०० ही कोरियातील सँगयाँग कंपनीच्या टिवोलीच्या सांगाड्यावर बेतलेली. मूळ टिवोली सुमारे ४.२ मीटर लांब असल्याने तिलाही विमानतळावरून थेट शिंप्याकडे जावे लागले, आणि २०२४ मध्ये तिचे ‘एक्सयूव्ही ३एक्सओ’ असे नामांतर झाले, जे उच्चारताना विक्रेतासुद्धा एकदा थांबतो. सीमारेषेच्या एक पाऊल अलीकडे उभे राहण्याची ही कला पुढे इंजिनातही उतरली: दिल्ली परिसरात दोन हजार सीसी व त्यावरील डिझेल गाड्यांच्या नोंदणीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये बंदी घातली, तेव्हा पुढच्याच महिन्यात स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० या गाड्या १.९९ लिटरच्या इंजिनासह हजर झाल्या.

हा सारा इतिहास शोरूममधील गुळगुळीत फरशीवर नीट उमगत नाही. त्यासाठी पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील कैनाडसारखे गाव गाठावे लागते. पश्चिमेला घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांचा किनारपट्टा, पूर्वेला चारोटी, तलासरी आणि आच्छाड असा गुजरातेत शिरणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, आणि या दोहोंच्या मधल्या आणि पलीकडच्या मुलखात विखुरलेले पाडे अशी डहाणू-तलासरीची रचना आहे. वारली वस्तीचे गाव म्हणजे एका वेशीत दाटलेली घरे नव्हेत. ते माळावर, शेताच्या कडेला आणि ओहोळाच्या पलीकडे पसरलेले असते, म्हणून डांबरी रस्ता गावात पोचला तरी घरापर्यंत पोचलेला नसतो, आणि गाडीची खरी परीक्षा त्या शेवटच्या तुकड्यात, म्हणजे उघडी पडलेली खडी, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी मोरी यांच्यावर होते. डहाणू तालुका १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून तेथील उद्योगांच्या वाढीला मर्यादा घालण्यात आली. कायद्याने वाढ रोखलेल्या तालुक्यात करकायद्याने वाढ रोखलेली गाडी फिरावी, हा योगायोग अभ्यासकाने नजरेआड करू नये. दोन्हीकडे मर्यादेला वळसा कसा घालावा याचा विचार करणारी माणसे तालुक्याबाहेरच बसलेली असतात, हेही साम्य आहेच.

या मुलखाने गाडीकडून काय अपेक्षिले ते महिंद्राच्या कमांडर जीपने आणि पुण्याच्या ट्रॅक्सने गेल्या शतकातच ओळखले होते. मागे समोरासमोर दोन बाकडी, त्यांच्या मध्ये तांदळाची गोणी, गोणीवर बसलेला एक अर्धतिकीट प्रवासी, मागच्या पायरीवर लोंबकळणारे दोघे आणि टपावर कॅरिअरला बांधलेले सामान, अशी ती रचना होती. आसनक्षमतेचा कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांचा परस्परांशी काही संबंध असावा अशी अपेक्षा कोणी ठेवत नसे. ट्रॅक्सला पिढ्या नव्हत्या, फेसलिफ्ट नव्हते आणि खरे पाहता चेहराही नव्हता, परंतु तिच्यासाठी कासा किंवा तलासरीच्या कुठल्याही गॅरेजात पाना हाती धरता येणारा माणूस पुरत असे. कॉम्पॅक्ट एसयूव्ही या मुलखात आली ती शिक्षक, कंत्राटदार, ग्रामसेवक आणि चिकूबागायतदार यांच्या दारी, कर्जाच्या हप्त्यांसह आली, आणि पाच आसनांची आली. पाचच माणसे घेऊन वऱ्हाडाला निघणे म्हणजे काय, हे तिने या मुलखाला शिकवले.

गाडीच्या पोटाचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांमधील अंतराला ‘ग्राउंड क्लिअरन्स’ म्हणतात, आणि मोरीच्या उखडलेल्या कडेवर चेंबर आपटणार की नाही हे त्याच्यावर ठरत असल्याने कैनाडच्या दृष्टीने माहितीपत्रकातला हा एकच आकडा वाचण्यासारखा असतो. सरकारनेही तो वाचला, पण वेगळ्या हेतूने. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हींवरील शुल्क २७ वरून ३० टक्के करताना अशी व्याख्या करण्यात आली की जिची लांबी ४,००० मिलिमीटरांहून जास्त, इंजिन १,५०० सीसीहून मोठे आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा अधिक, ती एसयूव्ही. या व्याख्येचे दोन परिणाम झाले. एक असा, की एक्सयूव्ही ५०० ही भारदस्त गाडी कर चुकवण्यापुरती जमिनीकडे झुकली आणि तिचा ग्राउंड क्लिअरन्स १६० वर आला. शास्त्रग्रंथांत विनयाने नम्र होणाऱ्यांची उदाहरणे पुष्कळ आहेत, शुल्काने नम्र झालेली मोटार मात्र विरळाच. दुसरा परिणाम अधिक मूलगामी होता: लांबीची अट पूर्ण होत नसल्यामुळे, २०९ मिलिमीटर उंच पोटाची नेक्सॉन काय किंवा रणगाड्याचा अवतार असलेली टीयूव्ही काय, कायद्याच्या नजरेत एसयूव्ही ठरूच शकत नव्हत्या. ज्या गाडीच्या प्रत्येक जाहिरातीत ती एसयूव्ही असल्याची द्वाही फिरवली जाते, तीच गाडी करविवरणपत्रात ‘लहान मोटार’ म्हणून खाली मान घालून उभी असते, आणि ही दोन्ही विधाने एकाच कंपनीची असतात.

वस्तू व सेवा कर आल्यावरही हा वाद मिटला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केले की सर्वोच्च अधिभारासाठी वरील तीन अटींबरोबर चौथीही पूर्ण झाली पाहिजे, ती म्हणजे गाडी लोकांमध्ये एसयूव्ही म्हणून ओळखली जात असली पाहिजे. उंच चाकांच्या कोणत्याही गाडीला ‘जीप’ म्हणणाऱ्या खेड्यापाड्यांत ही अट लावली असती तर तिथला एकही ग्राहक या अधिभाराच्या कक्षेत आला नसता, आणि हे ध्यानात आल्यामुळे असो वा नसो, जुलै २०२३ मध्ये परिषदेने लोकमताची अट काढून टाकली. त्याच वेळी आणखी एक खुलासा करण्यात आला: ग्राउंड क्लिअरन्स विनाभार स्थितीत, म्हणजे गाडी पूर्ण रिकामी असताना मोजावा. कैनाडच्या वाटेवर गाडी रिकामी असण्याचे प्रसंग फार थोडे येतात. मागच्या सीटवर चौघे, मांडीवर दोन मुले, डिकीत चिकूचे क्रेट आणि पायाशी रोपांची पिशवी अशा स्थितीत मागची स्प्रिंग दबून कागदावरच्या २०९ चे प्रत्यक्षात किती उरतात हे मोरीच्या दगडालाच ठाऊक असते, पण त्याची साक्ष कोणत्याही परिषदेने काढलेली नाही.

चेहऱ्याच्या फेरआखणीत अलीकडे सर्वांनी एकदिलाने स्वीकारलेला बदल म्हणजे दिव्यांची फाळणी. पूर्वी हेडलाइट बोनेटच्या कडेला, डोळे असावेत तेथे असे. आता त्या जागी दिवसाही पेटत राहणारी शोभेची बारीक पट्टी असते आणि खरा हेडलाइट खाली बंपरात, गालफडाच्या जागी जाऊन बसतो. निस्सानच्या ज्यूकने २०१० मध्ये या वाटेने जाऊन पाहिले. भारतात २०१९ च्या टाटा हॅरियर आणि ह्युंदाई व्हेन्यूने ती वाट रुळवली, आणि २०२३ च्या नेक्सॉननेही आपले दिवे खाली उतरवले. परिणाम पहिल्याच पावसात दिसतो: पुढच्या टेम्पोच्या चाकांनी उडवलेला लाल गढूळ चिखल बरोबर हेडलाइटच्या उंचीवर येऊन थापला जातो आणि शोभेची पट्टी वर कोरडीठाक चमकत राहते, त्यामुळे रात्री चालकाला रस्ता दिसत नसला तरी रस्त्याला चालक किती मोठी गाडी घेऊन आला आहे हे स्वच्छ दिसते. बंपर ही वस्तू मूळची धक्का खाण्यासाठी होती; तिच्यात गाडीचा सर्वांत महाग दिवा बसवल्यावर बांधाला किंवा गुराला लागलेला किरकोळ धक्काही किरकोळ राहत नाही, आणि बल्ब बदलून मिळत असे त्या काळाची आठवण काढणाऱ्या मालकाला सांगितले जाते की आता पूर्ण युनिटच टाकावे लागेल.

मागच्या बाजूस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली प्रकाशपट्टीही नव्या नेक्सॉनमध्ये आली असून, गाडीचे कुलूप उघडताना व लावताना हे दिवे क्रमाने पेटत-विझत मालकाचे स्वागत करतात आणि निरोप घेतात. अंधाऱ्या पाड्यात हा विधी मालकाखेरीज सर्व कुत्र्यांच्याही लक्षात येतो आणि निरोप बराच वेळ चालतो. वातानुकूलनाच्या बटणांची जागा काचेसारख्या गुळगुळीत फलकाने घेतली आहे, ज्यावर बोट टेकवायचे असते. परंतु बोट टेकवण्याच्या क्षणी चाक खड्ड्यात गेले तर चोवीस अंशांवर नेमलेले बोट भलत्याच चिन्हावर उतरते आणि मे महिन्याच्या दुपारी मागे बसलेल्या आजीबाईंच्या पायांवर गरम हवा सुरू होते. आतील काळ्या चकचकीत प्लॅस्टिकला ‘पियानो ब्लॅक’ म्हणतात. त्यावर धुळीचा कण न् कण आणि बोटाचा ठसा न् ठसा उमटतो, आणि खडीच्या रस्त्याकडेला राहणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळते की हा रंग कारखान्यापासून शोरूमपर्यंतच काळा असतो.

छपराचा इतिहास स्वतंत्र प्रकरण मागतो. जुन्या जीपच्या टपाला लोखंडी कॅरिअर असे आणि त्यावर गवताच्या भाऱ्यापासून लग्नाच्या कपाटापर्यंत काहीही चढे, प्रसंगी माणसेही चढत, आणि पोलीस दिसला की उतरत. नव्या गाडीच्या टपावर दोन्ही बाजूंना चंदेरी दांड्या असतात, ज्यांना ‘रूफ रेल’ म्हणतात. त्यांचा आकार कॅरिअरची आठवण करून देतो, पण पुष्कळ गाड्यांत त्या केवळ शोभेच्या असल्यामुळे त्यांना सुंभ बांधणे म्हणजे गाडीचा आणि सुंभाचा दोघांचाही अपमान ठरतो. आता तर टपाच्या मधोमध काच बसवून ती सरकवण्याची सोय केलेली असते आणि ‘सनरूफ’ नसलेली गाडी मुले घरात घेऊ देत नाहीत. कोकणपट्टीच्या उन्हात डोक्यावर काच कशासाठी हवी याचे उत्तर वरातीत मिळते, जेव्हा त्या चौकोनातून घरातली सर्व मुले आळीपाळीने कमरेपर्यंत बाहेर येतात. म्हणजे टपावर बसणे बेकायदा ठरवून बंद करण्यात आले, आणि मग जादा पैसे घेऊन टपाला भोक पाडून देण्यात आले. त्यातून डोके काढणेही धोक्याचे आणि दंडास पात्र आहे, हे सांगणारा कागद हातमोज्यांच्या कप्प्यात न वाचलेला पडून असतो.

स्टेपनीविषयी मात्र विनोद आवरता घ्यावा लागेल. पाठीवर उघडी टांगलेली स्टेपनी ही एकेकाळी या घराण्याची निशाणी होती; फेरआखणीत ती प्रथम डिकीखाली गेली, मग मूळ चाकांहून बारीक झाली, आणि काही गाड्यांत तर तिच्या जागी पंक्चर बुजवण्याच्या द्रवाची बाटली आली. चारोटीपासून आत वळलेल्या वाटेवर धारदार खडीने टायरची बाजू फाटली असता त्या बाटलीतील द्रवाने काहीही होत नाही. बदलाची चेष्टा करताना त्याचे श्रेयही नाकारता कामा नये: नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत पाच तारे मिळाले, भारतात बनून भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला ते प्रथमच मिळाले होते, आणि महामार्ग ४८ वरच्या ट्रकांच्या रांगेत शिरणाऱ्यासाठी पत्र्याआडचा तो बदल सगळ्या दिव्यांपेक्षा मोलाचा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, वरातीत मिरवता येत नाही, आणि बोनेटवर हात ठेवून फोटो काढताना त्याचा काही उपयोग होत नाही, एवढेच त्याचे उणे.

विजेवरच्या गाड्यांचा कर लांबीवर अवलंबून नाही. त्या कितीही लांब असल्या तरी पाच टक्केच जीएसटी भरतात. असे असता नेक्सॉनची विजेवरची बहीण तरी मोकळेपणी पाय पसरील अशी अपेक्षा होती, पण अंगावरचे कवच थोरलीचेच असल्यामुळे तीही चार मीटरांच्या आतच राहिली, तुरुंगाचे दार उघडे असूनही. डहाणूच्या औष्णिक केंद्रातून पाचशे मेगावॉट वीज मुंबईकडे जाते, तेव्हा ती गाडी डहाणू तालुक्यात चार्ज करणे म्हणजे वीज माहेरी अडवून धरण्यासारखे होईल. मात्र जोरदार पावसात झाड तारांवर पडले की हा प्रश्न तात्पुरता उरत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे दर बदलले. लहान मोटारींवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के असा सरळ हिशेब झाला, अधिभार गेला, परंतु ४,००० मिलिमीटर आणि १,२००-१,५०० सीसीची रेषा २००६ मध्ये आखली होती तेथेच कायम आहे, म्हणून यापुढची पिढीही नवे नाक, नवे नाव आणि ३,९९५ मिलिमीटर घेऊनच येईल. कैनाड-तलासरीकडे राहून गाडी घेणाऱ्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहू नये असे नाही, हप्ते फेडताना तोच समोर असतो. पण बयाणा देण्यापूर्वी घरची पाच माणसे आणि तांदळाची एक गोणी गाडीत बसवावी, मोजपट्टी घेऊन खाली वाकावे, आणि उठल्यावर विक्रेत्याला पहिला प्रश्न स्टेपनी कुठे आहे हा विचारावा.